अभ्यासक्रमाची तपासणी आधी, शिक्षकांचे प्रशिक्षण नंतर: महाविद्यालयीन विभागांसाठी कार्यपद्धती

नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतील विद्यापीठ-संलग्न महाविद्यालयांत गुणवत्तावाढीचे काम बहुधा उलट्या क्रमाने होते. आधी कार्यशाळेची तारीख ठरते, मग वक्ता आणि मग विषय. कार्यशाळा होते, प्रमाणपत्रे वाटली जातात, छायाचित्रे अहवालात लागतात. परंतु ती नेमकी कोणती उणीव दूर करण्यासाठी घेतली, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. विद्यार्थ्यांचे अभिप्राय वर्षअखेरीस गोळा होतात, त्यांची सरासरी काढली जाते आणि ती सरासरी प्रशिक्षणाच्या नियोजनापर्यंत कधीच पोहोचत नाही. पुढील कार्यपद्धती हा क्रम सरळ करण्यासाठी आहे. ती विभागप्रमुखांसाठी आणि अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, म्हणजेच आयक्यूएसीच्या समन्वयकांसाठी लिहिली आहे. एका सत्रात तपासणी, दोन सत्रांच्या मधल्या काळात प्रशिक्षण आणि पुढे तोच पेपर पुन्हा शिकवला जाईल तेव्हा फेरमोजणी, असे तिचे वेळापत्रक आहे. लेखात 'अभ्यासक्रम' म्हणजे संपूर्ण पदवी आणि 'पेपर' म्हणजे तिच्यातील एक विषय.

## सुरुवात करण्यापूर्वीची तयारी

व्याप्ती लहान ठेवावी. एक अभ्यासक्रम आणि त्यातील दोन किंवा तीन पेपर एवढेच पहिल्या फेरीत घ्यावेत. सर्व विभागांनी एकाच वेळी सुरुवात करावी असा आग्रह झाला, की सर्वांकडून केवळ भरलेले तक्ते येतात. पेपर निवडताना सर्वांत कमी निकालाचा पेपर आपोआप निवडू नये. ज्या पेपरवर पुढच्या सत्रातील दोन-तीन पेपर उभे आहेत, तो आधी घ्यावा.

समिती चार जणांची पुरते. एक ज्येष्ठ शिक्षक, एक तासिका तत्त्वावरील, म्हणजे तासागणिक मानधनावर नेमलेला शिक्षक, दुसऱ्या विभागातील एक शिक्षक आणि परीक्षेच्या नोंदी ठाऊक असलेला एक लिपिक. यातील तासिका तत्त्वावरील शिक्षक केवळ नावापुरता घेऊ नये. अनेक विभागांत पदवी वर्गांचे बरेचसे तास प्रत्यक्षात तासिका तत्त्वावरील सहकारीच घेतात आणि वर्गात काय अडते हे त्यांनाच अधिक माहीत असते.

कागदपत्रे आधी गोळा करावीत. विद्यापीठाने मंजूर केलेला पेपरचा मजकूर, शिक्षकाचे अध्यापन नियोजन, मागील तीन परीक्षांच्या प्रश्नपत्रिका, अंतर्गत चाचण्यांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका, गुणनोंदवही आणि प्रत्यक्ष झालेल्या तासांची नोंद. शेवटची नोंद बहुतेकदा मागे पडते. एका श्रेयांकाला (क्रेडिटला) सिद्धांताचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास हा हिशेब गृहीत धरला, तर दोन श्रेयांकांच्या सिद्धांताच्या पेपरला ३० तास मिळायला हवेत. सुट्ट्या, परीक्षा आणि इतर कामे वजा जाता प्रत्यक्षात २२ तासच झाले असतील, तर पुढचे सारे निष्कर्ष त्या आठ तासांच्या तुटीकडे लक्ष ठेवूनच वाचावे लागतील.

प्राचार्यांचे लेखी आश्वासन घ्यावे. या तपासणीत एखाद्या शिक्षकाबद्दल जे आढळेल, ते त्याच्या पदोन्नतीच्या किंवा गोपनीय अहवालाच्या फायलीत जाणार नाही आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाच्या पुढील वर्षीच्या नेमणुकीसाठी वापरले जाणार नाही, असे एका परिच्छेदाचे पत्र प्राचार्यांच्या सहीने सर्वांना द्यावे. हे पत्र नसेल तर काम सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आश्वासनाशिवाय केलेल्या तपासणीत शिक्षक सोपी चाचणी काढतात, निरीक्षणाच्या दिवशी आधी शिकवलेलाच घटक पुन्हा शिकवतात आणि विद्यार्थ्यांना अभिप्राय 'नीट' भरायला सांगतात. त्यात त्यांचा दोष नाही. ज्या तपासणीवर पोट अवलंबून असते तिच्यात कोणीही असेच वागेल.

दिनदर्शिका नागपूरची असावी. दसऱ्याला दीक्षाभूमीवरील गर्दीचे दिवस, त्यानंतरची दिवाळी, हिवाळी परीक्षा आणि त्यांच्या मूल्यांकनाची कामे, डिसेंबरमध्ये बहुधा भरणाऱ्या विधिमंडळ अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डी परिसरात होणारी वाहतुकीची कोंडी, हे सर्व आधीच वगळून ठेवावे. मे महिन्यात दुपारची कार्यशाळा ठरवणे म्हणजे ती न घेण्यासारखेच आहे. उन्हाळ्यात घ्यायचीच असेल तर सकाळी साडेसात ते साडेदहा एवढीच घ्यावी. त्यापेक्षा हिवाळी परीक्षा संपल्यानंतरचा जानेवारीचा पहिला पंधरवडा किंवा नवे सत्र उघडण्यापूर्वीचा आठवडा अधिक सोयीचा.

> तपासणी: पेपर ठरले, समिती झाली, कागद हाती आले आणि पत्रावर सही झाली. यापैकी एकही बाकी असेल तर पहिला टप्पा सुरू करू नये.

## टप्पा १: फलनिष्पत्ती मोजता येईल अशी लिहिणे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या नव्या अभ्यासक्रमांत प्रत्येक पेपरच्या आरंभी फलनिष्पत्ती, म्हणजे पेपर शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवे ते, छापलेली असते. ती पुष्कळदा 'विद्यार्थ्याला संकल्पना समजेल' किंवा 'विद्यार्थ्यात जाणीव निर्माण होईल' अशा स्वरूपाची असते. छापील मजकूर बदलण्याचा अधिकार संलग्न महाविद्यालयाला नाही. परंतु त्याच्या खाली विभागापुरते मोजता येण्याजोगे विधान लिहिण्यास कोणतीही आडकाठी नाही.

रसायनशास्त्राचे उदाहरण घेऊ. टायट्रेशन म्हणजे एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने मिसळून त्याची संहती, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण, मोजण्याची रीत; दर्शक म्हणजे क्रिया पूर्ण होताच रंग बदलणारा पदार्थ. 'विद्यार्थ्याला आम्ल-अल्कली टायट्रेशनची माहिती होईल' या विधानाऐवजी 'दिलेल्या आम्ल आणि अल्कलीच्या जोडीसाठी योग्य दर्शक निवडून विद्यार्थी त्या निवडीचे कारण सांगेल आणि ब्युरेटच्या नोंदींवरून द्रावणाची संहती काढेल' असे लिहावे. दुसरे विधान हाती असले की प्रश्न कसा काढायचा आणि वर्गात कशाचा सराव घ्यायचा, हे दोन्ही लगेच कळते.

एका पेपरला चार ते सहा विधाने पुरेशी आहेत. ब्लूम यांच्या वर्गीकरणाच्या २००१ मधील सुधारित मांडणीतील सहा पातळ्या, म्हणजे आठवणे, समजणे, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती, प्रत्येक विधानासमोर लिहाव्यात. सहाही पातळ्या प्रत्येक पेपरात आल्याच पाहिजेत, असा हट्ट मात्र धरू नये.

## टप्पा २: प्रश्नपत्रिका आणि फलनिष्पत्ती यांची जुळणी

मोठ्या कागदावर तक्ता आखावा. डाव्या बाजूला मागील तीन परीक्षांतील प्रत्येक उपप्रश्न, वर फलनिष्पत्तीची विधाने आणि चौकटीत गुण व पातळी. एक शिक्षक प्रश्न वाचतो, दुसरा नोंद करतो; दोघांचे एकमत झाले नाही तर तिसऱ्याला विचारावे आणि मतभेद तक्त्याच्या कडेला टिपून ठेवावा. ज्या प्रश्नाची पातळी दोन अनुभवी शिक्षकांनाही ठरवता येत नाही, तो विद्यार्थ्यालाही संदिग्धच वाटलेला असतो.

तक्ता पूर्ण झाल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. कोणत्या विधानाच्या स्तंभात एकही गुण नाही? आणि 'व्याख्या द्या', 'टिपा लिहा', 'वैशिष्ट्ये सांगा' यांच्या वाट्याला एकूण किती गुण गेले आहेत? विश्लेषणाची पातळी ठरवून प्रत्यक्षात केवळ स्मरण तपासले जात असेल, तर शिक्षकांना विश्लेषण शिकवण्याचे कितीही प्रशिक्षण दिले तरी विद्यार्थी गाइडच वाचतील, आणि परीक्षा पाहता त्यांचा तो निर्णय शहाणपणाचाच ठरेल.

> सावधान: हा तक्ता नंतर, प्रशिक्षण झाल्यावर भरण्याची पद्धत रूढ आहे, कारण त्या वेळी अहवाल मागितलेला असतो. तसे केल्यास तो तक्ता निव्वळ जुळवाजुळव ठरतो.

## टप्पा ३: उत्तरांचे विश्लेषण

सर्वाधिक माहिती येथेच मिळते आणि सर्वाधिक टाळाटाळही येथेच होते. केवळ पेपरचा निकाल किंवा सरासरी पाहून काहीही कळत नाही. प्रत्येक प्रश्न वेगळा काढून पाहावा लागतो.

समजा, ६० विद्यार्थ्यांनी बहुपर्यायी चाचणी दिली. एकूण गुणांनुसार सर्वांचा उतरता क्रम लावावा. वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के, म्हणजे येथे प्रत्येकी १६ विद्यार्थी, बाजूला काढावेत. मधल्या २८ जणांचा या हिशेबात उपयोग नाही. आता एकेका प्रश्नाला दोन्ही गटांतील किती जणांनी बरोबर उत्तर दिले, ते मोजावे.

संहती काढण्याच्या प्रश्नाला वरच्या गटातील १३ आणि खालच्या गटातील ५ जणांनी बरोबर उत्तर दिले, असे धरू. सुलभता निर्देशांक प्रश्न किती सोपा गेला ते सांगतो: (१३ अधिक ५) भागिले ३२, अर्थात ०.५६. भेदक्षमता निर्देशांक प्रश्न वरच्या आणि खालच्या गटांत किती फरक करतो ते सांगतो: (१३ वजा ५) भागिले १६, अर्थात ०.५०. सर्वसाधारण संकेतानुसार भेदक्षमता ०.४० किंवा त्याहून अधिक असेल तर प्रश्न उत्तम, ०.३० ते ०.३९ चांगला, ०.२० ते ०.२९ सुधारण्याजोगा आणि त्याखाली बाद करण्याजोगा किंवा नव्याने लिहिण्याजोगा. हा प्रश्न ठेवावा.

दुसरा प्रश्न असा: 'हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या टायट्रेशनसाठी योग्य दर्शक कोणता?' पर्यायांत फिनॉल्फ्थॅलिन आणि मिथिल ऑरेंज ही दोन्ही नावे आहेत आणि उत्तरसूचीत केवळ फिनॉल्फ्थॅलिन बरोबर धरले आहे. वरच्या गटातील ६ आणि खालच्या गटातील ८ जणांचे उत्तर सूचीप्रमाणे आले, तर भेदक्षमता उणे ०.१३ येते. असा आकडा आला की 'मुलांचा पाया कच्चा आहे' असे म्हणण्याआधी प्रश्न पुन्हा वाचावा. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली यांच्या टायट्रेशनला समतुल्यता बिंदूजवळ, म्हणजे दोन्ही एकमेकांना नेमके पुरे पडतात तेथे, सामूचा (पीएचचा) बदल इतका मोठा आणि एकाएकी होतो, की दोन्ही दर्शक चालतात. ज्याला कारण समजले होते तो दोन पर्यायांत अडला आणि ज्याने प्रात्यक्षिकाच्या जर्नलमधील नाव पाठ केले होते त्याला गुण मिळाला. ही शिकण्यातील उणीव नाही, प्रश्न काढण्यातील आहे. प्रशिक्षणाचा विषय नेमका अशा ठिकाणी सापडतो.

दीर्घोत्तरी प्रश्नांसाठी वरच्या गटाच्या सरासरी गुणांतून खालच्या गटाचे सरासरी गुण वजा करून त्या प्रश्नाच्या कमाल गुणांनी भागावे. वर्गात वीस-पंचवीसच विद्यार्थी असतील तर २७ टक्क्यांचे गट फार लहान होतात. तेथे वरचा अर्धा आणि खालचा अर्धा वर्ग घ्यावा आणि आकड्यांवर बेताचाच भरवसा ठेवावा.

याच टप्प्यात गुणदानाचीही तपासणी करावी. दहा उत्तरपत्रिकांचे गुण झाकून झेरॉक्स काढावे आणि दोन शिक्षकांना ते स्वतंत्रपणे तपासायला द्यावे. दहा गुणांच्या प्रश्नात दोघांत दोनपेक्षा अधिक गुणांचा फरक वारंवार पडत असेल, तर गुणदानाचे निकष लेखी ठरवलेलेच नाहीत, असे समजावे.

> तपासणी: प्रत्येक पेपरमागे किमान एक प्रश्न असा सापडायला हवा, की ज्याचा दोष प्रश्नातच आहे. एकही सापडला नाही, तर विश्लेषण वरवरचे झाले असण्याची शक्यता अधिक.

## टप्पा ४: विद्यार्थ्यांचे अभिप्राय आणि वर्गनिरीक्षण

अभिप्राय सत्राच्या सहाव्या किंवा सातव्या आठवड्यात घ्यावेत. सत्र संपल्यावर घेतलेल्या अभिप्रायाचा फायदा तो देणाऱ्याला होत नाही, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते आणि म्हणून ते सगळीकडे 'उत्तम'वर खूण करून मोकळे होतात. 'शिक्षकांची तयारी कशी असते?' यासारखे प्रश्न काढून टाकावेत. त्याऐवजी तीनच प्रश्न विचारावेत: आतापर्यंत कोणता घटक कळला नाही? तो कळावा म्हणून तुम्ही काय केले? वर्गात कोणती गोष्ट अधिक वेळ व्हायला हवी? उत्तर मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत, जसे येईल तसे लिहू द्यावे. ऑनलाइन अर्ज असेल तर ईमेल पत्ता गोळा करणारी सोय बंद आहे ना, हे स्वतः पाहावे. वर्ग लहान असेल तर हस्ताक्षरावरूनही ओळख पटते, याचे भान ठेवावे.

वर्गाला क्वचितच येणाऱ्यांचे म्हणणे अशा अभिप्रायात उमटत नाही. अंतर्गत चाचणीच्या दिवशी ते येतात. त्याच दिवशी, चाचणी संपल्यानंतर, त्यांना पाच मिनिटे थांबवावे.

वर्गनिरीक्षणासाठी दुसऱ्या विभागातील सहकारी अधिक योग्य, कारण विषय स्वतःला येत नसल्याने त्याचे लक्ष विद्यार्थ्यांकडे राहते. निरीक्षणापूर्वी दहा मिनिटे भेटून शिक्षकाने कशाकडे पाहावे ते सांगावे. निरीक्षकाने पूर्ण तास बसून काय घडले, एवढेच वेळेनुसार लिहावे: किती वेळ फळ्यावर लेखन, किती वेळ श्रुतलेखन, किती प्रश्न विचारले आणि उत्तरासाठी किती सेकंद थांबले. गुण, श्रेणी, शेरा यांपैकी काहीही लिहू नये. तासानंतर दोन दिवसांच्या आत दोघांनी बसून ती नोंद वाचावी. आठवडा उलटला तर चर्चा आठवणीवर होते आणि वादात जाते.

## टप्पा ५: निदान

हाती आलेल्या प्रत्येक उणिवेसमोर तिचे कारण लिहावे. कारणे साधारणपणे पाच ठिकाणची असतात: पेपरची मांडणी, परीक्षा, अध्यापन, विद्यार्थ्यांची पूर्वतयारी आणि साधने. प्रशिक्षणाने मुख्यतः अध्यापनातील आणि प्रश्न काढण्यातील उणिवा भरून निघतात, बाकीच्या नाहीत. प्रयोगशाळेत एकच रंगमापक (कलरीमीटर) चालू असेल आणि विद्यार्थ्यांना वाचन घेण्याची पाळीच येत नसेल, तर शिक्षकांना प्रात्यक्षिक अध्यापनाच्या कार्यशाळेला पाठवणे हा पैशाचा अपव्यय आहे. तेथे दुरुस्तीचा प्रस्ताव हवा. बारावीपर्यंत मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी इंग्रजीतील प्रश्नाच्या वाक्यरचनेतच अडत असतील, तर पहिल्या तीन आठवड्यांचे सेतुवर्ग हवेत.

मला वाटते, संपूर्ण कार्यपद्धतीत हा टप्पा सर्वांत कमी वेळ घेणारा आणि सर्वांत जास्त वेळा गाळला जाणारा आहे. एका दुपारी चार जणांनी बसून तो पूर्ण होतो.

## टप्पा ६: प्रशिक्षणाचा आराखडा

निदानात 'अध्यापन' किंवा 'परीक्षा' असे कारण लिहिलेल्या उणिवाच येथे घ्याव्यात आणि एका उणिवेला एकच कृती ठरवावी.

प्रश्नरचनेची उणीव असेल तर शिक्षकांनी स्वतःच काढलेले आणि तिसऱ्या टप्प्यात बाद ठरलेले प्रश्न घेऊन यावे आणि तेथेच बसून ते दुरुस्त करावे. गुणदानातील तफावतीसाठी पाच उत्तरपत्रिका सर्वांनी तपासाव्यात, गुण फळ्यावर लिहावेत आणि फरक का पडला यावर बोलून निकष ठरवावेत. वर्गातील प्रश्न विचारणे, उदाहरण देणे, फळ्याचा वापर अशा कौशल्यांसाठी बी.एड. महाविद्यालयांत रुळलेले सूक्ष्म अध्यापनाचे चक्र उपयोगी पडते: ६ मिनिटे अध्यापन, ६ मिनिटे प्रत्याभरण (पाठावरील अभिप्राय), १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुनराध्यापन आणि ६ मिनिटे पुन्हा प्रत्याभरण, एकूण ३६ मिनिटे. पदवीच्या शिक्षकांना यात सुरुवातीला कमीपणा वाटतो. विभागप्रमुखांनी पहिला पाठ स्वतः द्यावा, म्हणजे अवघडलेपण बरेच सरते.

गट बारा ते पंधरा जणांचा असावा. सभागृहात दीडशे जण बसवून जे होते ते व्याख्यान. त्याला प्रशिक्षण म्हणू नये.

नागपूर विद्यापीठाच्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रातील नवशिक्षकांचा प्रारंभिक वर्ग आणि उजळणी वर्ग यांना शिक्षकांनी जरूर जावे, पदोन्नतीसाठी ते लागतातही. परंतु ते सर्वसाधारण असतात. आपल्या विभागातील विशिष्ट उणीव त्यातून आपोआप भरून निघेल, अशी अपेक्षा ठेवू नये. वर्गाहून परतलेल्या शिक्षकाने आपल्या एका घटकात काय बदलले, ते विभागाच्या बैठकीत दहा मिनिटांत दाखवावे, एवढे मात्र बंधन घालावे.

> सावधान: तासिका तत्त्वावरील शिक्षकांना तासागणिक मानधन मिळते. प्रशिक्षणाच्या तासांचे मानधन न देता त्यांना बोलावले तर ते येणार नाहीत, किंवा येतील आणि मनातून येणार नाहीत. प्राचार्यांकडून ही तरतूद आराखड्यातच मंजूर करून घ्यावी.

> तपासणी: प्रशिक्षण संपताना प्रत्येकाच्या हाती एका घटकाचे सुधारित नियोजन आणि पाच दुरुस्त प्रश्न आहेत का? नसतील तर प्रमाणपत्र रोखावे.

## टप्पा ७: अंमल आणि फेरमोजणी

सुधारित नियोजन वापरून तोच पेपर पुढील वेळी शिकवावा आणि तिसरा टप्पा जसाच्या तसा पुन्हा करावा. येथे मोठा धोका तुलनेचा आहे. गेल्या वर्षीचा ५८ टक्के निकाल यंदा ७१ टक्के झाला, यावरून काहीच सिद्ध होत नाही: पेपर सोपा निघाला असेल, तुकडी वेगळी असेल, तपासणारे वेगळे असतील. म्हणून अंतर्गत चाचणीत आठ-दहा समान प्रश्न दोन्ही वर्षी ठेवावेत आणि त्यांच्यापुरतीच तुलना करावी. हे प्रश्न असलेला कागद चाचणीनंतर परत घ्यावा. एकदा तो झेरॉक्सच्या दुकानात पोहोचला, की पुढच्या वर्षी तुलना पाठांतराची होईल.

बदल दिसला नाही तर पाचव्या टप्प्यावर परत जावे. बहुधा कारणाचे निदान चुकलेले असते. तीच कार्यशाळा पुन्हा घेऊ नये.

## टप्पा ८: निष्कर्ष योग्य ठिकाणी पोहोचवणे

अध्यापनातील बदल विभाग करतो, साधनांची मागणी महाविद्यालय विकास समितीकडे जाते आणि पेपरच्या मांडणीतील दोष विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे. अभ्यास मंडळाला पाठवायचे पत्र एका पानाचे असावे: पेपरचे नाव आणि सांकेतांक, अडचणीचा घटक, मंजूर तास आणि प्रत्यक्ष लागलेले तास, विश्लेषणातील दोन आकडे आणि सुचवलेला नेमका बदल. 'अभ्यासक्रम अवजड आहे' असे वाक्य लिहू नये. त्यावर कोणालाच काही करता येत नाही. शक्य असल्यास तोच पेपर शिकवणाऱ्या आणखी दोन महाविद्यालयांचे आकडे जोडावेत.

नॅकच्या, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रमाणन परिषदेच्या, वार्षिक गुणवत्ता हमी अहवालासाठी वेगळे लेखन करण्याची गरज उरत नाही. पाचव्या टप्प्याची कारणांची यादी, सहाव्याचा आराखडा आणि सातव्याची तुलना एकत्र लावली, की कृती अहवाल तयार होतो. मूळ तक्ते आणि बाद ठरलेले प्रश्न मात्र विभागातच, तारीख आणि सह्यांसह ठेवावेत. पुढच्या विभागप्रमुखाला पदभार देताना त्यांची यादी पदभाराच्या कागदांत नोंदवावी.